माळरानावरचा दिवस, हॅरिअरचा मोसम: एकच माळ धरावा की चार?

काळी_माती

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघून बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माळांवर एक पूर्ण दिवस ठरतोय. चौघं जण, एक गाडी, एक टेलिस्कोप. मुख्य ओढ हॅरिअरची, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या, गवतावरून खाली उडणाऱ्या शिकारी पक्ष्याची. बाकी चंडोल, तिरचिमण्या, रणगोजे, गरुड जे मिळेल ते. प्रश्न तीन आहेत.

१. सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी आणि परतताना भिगवण हे सगळं एका दिवसात बसवावं, की एकच माळ धरून राहावं?
२. तपकिरी हॅरिअर, म्हणजे मादी आणि पहिल्या वर्षाचे पक्षी, पॅलिड की मॉन्टेग्यू (हॅरिअरच्या दोन जाती) हे उडताना कसं ठरवायचं? पुस्तकातली चित्रं पाठ आहेत, पण माळावर पक्षी चित्रासारखा थांबत नाही.
३. संध्याकाळी रातथाऱ्यापाशी (हॅरिअर रात्र काढायला उतरतात त्या जागेपाशी) थांबायचं तर किती अंतरावर आणि कुठल्या बाजूला?

भटकी_टिटवी

एकच माळ. फार तर दीड.

त्या आठवड्यात सूर्योदय सातच्या आसपास, सूर्यास्त सहाच्या. उजेड अकरा तास, पण त्यातले कामाचे पाचच: सात ते दहा आणि चार ते सहा. चार जागा धरल्या की सकाळचे दोन तास रस्त्यावर जातात, आणि शेवटच्या माळावर पोचेपर्यंत जमीन तापून हवा थरथरायला लागलेली असते. साडेदहानंतर टेलिस्कोपमध्ये चंडोल म्हणजे एक हलणारा ठिपका.

सकाळी जो माळ बघाल तोच संध्याकाळी पुन्हा बघा. सकाळी हॅरिअर कुठून उठतात ते कळलं की संध्याकाळी कुठे उतरणार याचा अंदाज बांधता येतो.

दुर्बीणवाला

टिटवीताईंशी अर्धाच सहमत. जागा एक ठेवा, पण अधिवास चार धरा. नुसत्या गवतात उभं राहिलं तर हॅरिअर दिसतील आणि बाकी अर्धी यादी हुकेल. दहा किलोमीटरच्या आत सहसा हे सगळं सापडतं:

गुडघाभर गवताचा सलग माळ: हॅरिअर, लावे, संध्याकाळी रातथारा.

अगदी आखूड चरलेलं गवत आणि मुरमाड उघडी जमीन: धाविक, माळटिटवी, डोंबारी, इझाबेलाइन आणि डेझर्ट रणगोजा.

नांगरलेलं किंवा नुकतं कापणी झालेलं रान: आखूड बोटांच्या चंडोलांचे मोठे थवे, टॉनी तिरचिमणी.

बांधावरच्या बाभळी, पाझर तलाव, शेततळी: खाटीक, गप्पीदास, तुरमती, पाण्यावर पाकोर्ड्या.

वणव्याने जळलेला तुकडा दिसला तर ओलांडून जाऊ नका. हॅरिअरला तो निरुपयोगी, पण जळक्या जमिनीवर रणगोजे, चंडोल, धाविक हमखास येतात, कारण किडे उघड्यावर पडलेले असतात. काळ्या राखेवर फिकट पक्षी दिसतातही पटकन.

पांथस्थ

भिगवण वगळलं तर घरचे गाडी देतील का, हा मूळ प्रश्न आहे. रोहित पक्ष्यांच्या फोटोशिवाय परतलेला माणूस घरात पक्षीनिरीक्षक धरला जात नाही.

गवताची_काडी

प्रश्न दोनचं उत्तर. क्रम महत्त्वाचा आहे. लोक रंगावरून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आधी हॅरिअर आहे का ते बघा. नवखे लोक कापशी घारीला नर हॅरिअर म्हणतात. कापशी एका जागी फडफडत थांबते, तारेवर बसते, शेपटी आखूड. हॅरिअर जमिनीपासून एक-तीन मीटरवर, पंख उथळ व्ही आकारात धरून, हेलकावत गवत विंचरतो आणि तारेवर जवळजवळ बसत नाही.

मग वय. डिसेंबरात पहिल्या वर्षाच्या पक्ष्याचं पोट सरसकट तांबूस-बदामी असतं. पोटावर ठळक उभ्या रेघा असतील तर प्रौढ मादी. दोन्ही जातींना हे लागू, म्हणून इथे जात ठरवायची घाई नको.

पहिल्या वर्षाचा असेल तर मान बघा. पॅलिडला गालाच्या काळपट डागामागे फिकट गळपट्टा अखंड दिसतो आणि त्याखाली मानेची बाजू गडद. गडद-फिकट-गडद असे तीन थर. मॉन्टेग्यूला गळपट्टा नसतो किंवा पुसट असतो. उलट डोळ्याभोवतीचा पांढरा भाग मोठा. नंतर पंखाचं टोक खालून: मॉन्टेग्यूची 'बोटं' (टोकाची सुटी पिसं) सलग गडद आणि पंखाच्या बाहेरच्या भागाची मागची कडही गडद. पॅलिडची बोटं फिकट, पट्टेरी, मागची कड गडद नाही, आणि प्राथमिक पिसांच्या (पंखाच्या बाहेरच्या लांब पिसांच्या) मुळाशी बऱ्याचदा फिकट चंद्रकोर.

प्रौढ मादी असेल तर मान विसरा, पंखाची आतली बाजू खालून बघा. मॉन्टेग्यूत गडद पट्ट्यांमधला फिकट पट्टा रुंद, थेट अंगापर्यंत पोचतो आणि काखेत तांबूस आडवे पट्टे ठळक. पॅलिडमध्ये आतला पंख एकूणच काळपट आणि बाहेरचा उजळ, फिकट पट्टा अंगाकडे येताना विरतो. पंखाच्या वरच्या बाजूला दुय्यम पिसांवर (आतल्या अर्ध्या भागातल्या) गडद आडवा पट्टा स्पष्ट दिसला तर मॉन्टेग्यू.

नर सोपे. पॅलिड नर: पांढुरका, पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर, बाकी कोरा. मॉन्टेग्यू नर: करडा, पंखावर वरून एक काळी रेघ, खालून दोन, पोटावर तांबूस रेषा.

हे सगळं एका घिरट्यात दिसत नाही. 'पॅलिड/मॉन्टेग्यू' अशी नोंद करून पुढे जाण्यात कमीपणा नाही.

रानवाटसरू

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं.

एक भर: बोटं मोजा. पॅलिड-मॉन्टेग्यूला पंखाच्या टोकाला चार सुटी पिसं, हेन हॅरिअरला पाच. हेन आपल्याकडे विरळाच, म्हणून पाच मोजली तर आधी पुन्हा मोजा. मार्श हॅरिअर या घोळात येत नाही. तो भारी, रुंद पंखांचा, मादीचं डोकं मलईच्या रंगाचं. ऊस आणि तलावाच्या कडेला जास्त.

दुर्बीणवाला

फोटो काढणाऱ्यांसाठी: ओळखीचा फोटो आणि सुंदर फोटो वेगळे. ओळखीसाठी पंख पूर्ण उघडलेला, खालून एक आणि मानेचा एक. शटर १/२००० पेक्षा कमी नको, आकाश पाठीमागे असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर पंखाखालचे पट्टे काळे होऊन जातात आणि मग इथे धागा निघतो, "हा कोणता?"

कुसळ

गाडीबद्दल कोणीच बोलत नाहीये.

माळावर गाडी हीच आडोसा. खाली उतरलं की दोनशे मीटरवरचा धाविकही चालायला लागतो. गाडीतून तोच चाळीस मीटरवर येऊ देतो. ताशी दहा-पंधराच्या वर जाऊ नका आणि थांबल्यावर इंजिन बंद करा, कारण त्याची थरथर दुर्बिणीत आणि लेन्समध्ये उतरते. खिडकीवर ठेवायला तांदूळ भरलेली पिशवी ट्रायपॉडपेक्षा बरी.

मळलेली चाकोरी सोडायची नाही. माळावरचे बरेच पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि एक गाडी गेली की पुढची दहा त्याच खुणेवरून जातात.

मुरमाची वाट चालेल. काळ्या मातीवर आदल्या दिवशी शिंतोडे जरी पडले असतील तरी गाडी घालू नका. माती चाकात भरून मडगार्डला चिकटते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी ढकलून उपयोग नसतो, आधी माती खरवडून काढावी लागते.

बाभळीचे काटे: ट्यूबलेस असेल तर काटा लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर तसंच डांबरी रस्त्यापर्यंत या. सोबत प्लग किट आणि हवेचा छोटा पंप. स्टेपनीची हवा निघायच्या आधी तपासा, ती नेमकी तेव्हाच बसलेली असते.

आणि माझ्या नावाला जागून: लोकरी मोजे आणि खडबडीत कापडाची पँट नको. कुसळी गवताची टोकं विणीत घुसतात आणि चालताना आत सरकतात. गुळगुळीत सिंथेटिक पँट आणि वरून गेटर. बुटांच्या लेसमध्ये गोखरू अडकतं, म्हणून चिमटा जवळ ठेवा.

पांथस्थ

आयडी सार्थ केलात.

सुगरण_नव्हे_सुगरणपक्षी

दुपारच्या वेळेचं काय करायचं? दहा ते चार गाडीत बसून राहणं अवघड आहे.

भटकी_टिटवी

दहानंतर मान वर करायची. गरम हवा वर चढायला लागली की गरुड उठतात: स्टेप, टॉनी, बूटेड, सापमार, शिवाय लाँग-लेग्ड बझर्ड. जमिनीवरचं बघणं बंद, आकाशातलं सुरू.

बूटेडच्या पंखांच्या मुळाशी समोरून दोन पांढरे ठिपके दिसतात, त्यावरून तो घारीपेक्षा वेगळा काढता येतो. स्टेपच्या पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला पंखाखाली लांबलचक पांढरा पट्टा. बसलेला गरुड असेल तर चोचीची पिवळी फट: स्टेपमध्ये ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनीत डोळ्याच्या मध्यापाशी संपते. मेलेल्या कोंबड्या टाकतात अशा जागी हे गरुड हमखास उतरतात. वास सहन करायची तयारी ठेवा आणि कुत्र्यांकडे लक्ष.

तपकिरी-पोटाच्या पाकोर्ड्या पाण्यावर सकाळी उन्हं वर आल्यावर येतात, साधारण आठ-साडेआठनंतर. रंगीत पाकोर्डी मात्र पहाटे अंधारात आणि संध्याकाळी अंधार पडताना. 'पाकोर्डीची वेळ' असं सरसकट कोणी सांगितलं तर आधी कोणती ते विचारा.

दुर्बीणवाला

आणि दुपारचे हे तास भिगवणसाठी वापरता येतात. उजनीच्या पाण्यावर कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूने होडी घेतली की पट्टकादंब, थापट्या, चिखलातले तुतवार जवळून दिसतात. होडीत मान खाली घालून जवळचं बघायचं असल्याने हवेच्या थरथरीचा त्रास कमी. म्हणजे पांथस्थांच्या घरचेही खूश. अट एकच: साडेतीनला माळावर परत.

भटकी_टिटवी

साडेतीनला होडीतून उतरून चारला माळावर पोचलेला कोणी दाखवा.

माळावरचा_दगड

हॅरिअर येतात कधी, यावर एक ओळ हवी होती. पहिले सप्टेंबरच्या मध्यापासून, पण तेव्हा गवत उंच आणि हिरवं, पक्षी दिसले तरी उतरलेले सापडत नाहीत. डिसेंबर-जानेवारी स्थिर. मार्च-एप्रिलमध्ये परत. भोरड्या (गुलाबी मैना) त्यांच्याही आधी येतात.

नोव्हेंबरात गेलात तर आणखी एक शक्यता, अमूर ससाणे. ईशान्य भारतातून आफ्रिकेकडे जाताना काही थवे आपल्याकडे थोडे दिवस थांबतात, पंखवाल्या वाळवीवर आणि चतुरांवर. विजेच्या तारांवर ओळीने बसलेले छोटे ससाणे दिसले तर केस्ट्रेल समजून पुढे जाऊ नका. नर करडा, शेपटीखाली तांबडा, उडताना पंखाखालचा पुढचा भाग पांढरा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१३ पासून काही ससाण्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले, त्यामुळे समुद्रावरून सलग होणारा त्यांचा प्रवास नकाशावर दिसू लागला.

हुरडापार्टी

भोरड्यांचं नाव निघालं म्हणून. रब्बी ज्वारी दाण्यावर आली की भोरड्यांचे ढग बघायला सोलापूरकडे यावं. पण शेताच्या बांधावर कॅमेरा लावून 'अजून एकदा उडवा ना' असं गोफणवाल्याला म्हणू नये. त्याच्यासाठी ते पीक आहे.

रानवाटसरू

सोलापूरकडे येताय तर नान्नजही जोडा, पण माळढोक दिसेल या आशेने नको. अभयारण्य १९७९ चं, नाव माळढोकाचंच, पक्षी आता जवळजवळ नाही. चिकाटीने बघण्यासारखं बाकी खूप आहे: काळवीट, लांडगा, हॅरिअर, चंडोल. लांडगा दिसला तर गाडी त्याच्या मागे लावायची नाही.

नवखा_निरीक्षक

बाळबोध प्रश्न: एवढे ओसाड माळ आहेत तर तिथे झाडं का लावत नाहीत? पक्ष्यांना घरटी करता येतील.

गवताची_काडी

प्रश्न बाळबोध नाही, सरकारी कागदांवरही हे माळ बरीच वर्षं 'पडीक' म्हणूनच आहेत.

तिथे झाड नाही कारण तो गवताळ प्रदेशच आहे: पाऊस कमी, माती उथळ, खाली मुरूम. धाविक, माळटिटवी, चंडोल या पक्ष्यांना लांबवर दिसणं हाच बचाव. समतल चर खणून ग्लिरिसिडिया लावला की तीन गोष्टी होतात. चरांनी सलग जमीन तुटते. झाडांवर कावळे, घारी बसायला लागतात आणि खालची अंडी त्यांच्या नजरेत येतात. सावलीत चराऊ गवत मागे पडून वेगळंच तण माजतं. हॅरिअर जमिनीवर, गवतातच रात्र काढतो; त्याला फांदी नको, सलग गवत हवं. घरटं करायला तो इथे येतच नाही, ते मध्य आशिया आणि पलीकडे.

चराईबद्दलही तेच. मेंढ्या पूर्ण बंद केल्या की गवत माजून पडतं आणि आखूड गवतातले पक्षी जातात. धनगरांचे कळप फिरते असतात, एका जागी राहत नाहीत. त्यातून आखूड-उंच असं मिश्र गवत तयार होतं. जास्त बिघडवतात ते कालव्याचं पाणी आल्यावर वाढणारा ऊस, प्लॉटिंग आणि मोकाट कुत्री.

माळावरचा_दगड

चराईवर तुम्ही फारच मवाळ आहात. गावाजवळच्या गायरानात वर्षभर गुरं असतात, तिथे मिश्र वगैरे काही नाही, नुसती टाळू दिसते.

गवताची_काडी

गावाजवळच्या गायरानाबद्दल मान्य. फिरता कळप आणि कायमची गुरं यांत फरक करायलाच हवा.

चंडोलप्रेमी

हॅरिअरवाल्यांच्या गर्दीत चंडोलांना वाली नाही. नांगरलेल्या रानातला तो 'भुरकट थवा' नीट बघा. आखूड बोटांचा चंडोल: छाती कोरी, मानेच्या बाजूला छोटा काळपट डाग, बंद पंखावर लांब टर्शिअल (अंगाजवळची) पिसं प्राथमिक पिसांना जवळजवळ झाकतात. याच गटातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव कॅलँड्रेला दुखुनेन्सिस. कर्नल सायक्सने १८३२ मध्ये दख्खनवरूनच वर्णन केलेली.

तिरचिमण्यांत टॉनी आणि आपली बारमाही धान तिरचिमणी यांत घोळ होतो. टॉनीच्या डोळ्यापासून चोचीपर्यंत गडद रेघ, छाती जवळपास कोरी, चाल धोब्यासारखी आडवी. रणगोज्यात शेपटी पुरे: डेझर्टची जवळजवळ पूर्ण काळी, इझाबेलाइनची मुळाशी पांढरी आणि टोकाला काळा पट्टा. उडेपर्यंत थांबा.

काळी_माती

सगळ्यांचे आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). तिसरा प्रश्न राहिला: अंतर आणि दिशा.

रानवाटसरू

अंतर तीनशे मीटर, गाडीतच किंवा गाडीच्या आडोशाला. सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी जागेवर. पश्चिमेला उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी आणि येणाऱ्या पक्ष्याच्या अंगावर. मान, पट्टे सगळं दिसतं.

दुर्बीणवाला

मोजायचं असेल तर उलटं. बरेचसे हॅरिअर सूर्य टेकताना आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात उतरतात. तेव्हा पूर्वेकडची बाजू अंधारलेली आणि पश्चिमेचं आकाश उजळ. पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघितलं तर आकृत्या स्वच्छ मोजता येतात. जात मात्र ओळखू येणार नाही.

गवताची_काडी

दोघंही बरोबर, चौघं आहेत तर दोन-दोन वाटून घ्या. पश्चिमेची जोडी ओळखेल, पूर्वेची मोजेल. गाडी एक असेल तर एका जोडीला बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, हालचाल न करता बसावं लागेल.

मोजताना दहा-दहा मिनिटांचे रकाने करा: आले, उठून गेले. हॅरिअर उतरतात, पुन्हा उठतात, घिरट्या घालून दुसरीकडे बसतात. नुसते 'आले' मोजले की आकडा फुगतो. पक्ष्यांचे प्रकार चारच: पॅलिड नर, मॉन्टेग्यू नर, मार्श, तपकिरी. तपकिरींची जात अंधारात ठरवत बसू नका.

निघताना गवतातून चालायचं नाही, हेडलाइट माळाकडे फिरवायचे नाहीत. रातथाऱ्याची नेमकी जागा फोटोसोबत टाकू नका, फोटोतलं लोकेशनही काढा. माळढोकासारख्या जातींची जागा ईबर्ड (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) स्वतःच लपवतं; हॅरिअरच्या रातथाऱ्यासाठी ते आपल्यालाच करावं लागतं. ईबर्डची यादीही दिवसभराची एकच नको, प्रत्येक माळाची वेगळी करा, नाहीतर पुढे कोणालाच तिचा उपयोग नाही.

कुसळ

वनविभागाच्या क्षेत्रात जात असाल तर गवताळ सफारीची नोंदणी आधी करा आणि संध्याकाळी बाहेर पडायची मुदत विचारून घ्या. रातथाऱ्याची खरी वेळ सूर्यास्तानंतरची, आणि फाटक कदाचित त्याआधी बंद होईल. तसं असेल तर बाहेरच्या गायरानाच्या कडेने बघा. खाजगी रान असेल तर मालकाला विचारून.

काळी_माती

मग असं: सात ते साडेनऊ शिर्सुफळचा माळ. तिथून दोन-तीन किलोमीटरच्या आत नांगरलेली रानं आणि एखादं शेततळं, अकरापर्यंत. दुपारी सावलीत बसून गरुड. साडेचारला सकाळच्याच माळावर, दोन जोड्या. भिगवण नाही.

पांथस्थ

घरच्यांना काय सांगणार?

काळी_माती

भिगवणलाच गेलो होतो म्हणून.

भटकी_टिटवी

शेततळं आधी घ्या, रानं नंतर. पाकोर्ड्या अकरापर्यंत थांबत नाहीत. आणि सातला पोचायचं म्हणजे सातला गाडी बंद करून, वारा ज्या बाजूने येतोय त्या टोकाला उभं असायचं. हॅरिअर वाऱ्याच्या विरुद्ध हळू उडत शिकार करतो, म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून येतो. पुण्यातून चारला निघा.

कुसळ

डिझेल आदल्या रात्री भरा. माणशी तीन लिटर पाणी. माळावर सावली नाही, 'सावलीत बसून गरुड' हे गाडीच्या टपाखाली होणार आहे.